वासावर सोडलेल्या गाड्या

दूध करपल्याचं आईने सांगितलं तेव्हा ती शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती. खिडकीच्या गजाला अडकवलेला कामाचा निळा सदरा काखेत अजून ओला आहे का, ते चाचपून बघत होती. आई बाहेरच्या खोलीतून भिंत धरत धरत आली आणि ओरडली, "अगं, नाक कुठे ठेवून आलीस? धूर निघतोय!" आईला ऐकू येत नाही, त्यामुळे ती घरातल्या घरात नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. तिने वळून पाहिलं. पातेल्याच्या आत तपकिरी कड चढली होती आणि धूर खरोखरच निघत होता. तिने शेगडी बंद केली, पातेलं मोरीत नेलं आणि "सर्दी झालीय ना" अशी खूण केली. पण सर्दी जाऊन दोन दिवस झाले होते. आई गेल्यावर ती पातेल्यावर वाकली आणि जोरात श्वास घेतला. नाकपुड्यांना गरम वाफ लागली, आतून ओलसर झालं, पण वास नाही. कमी वास नाही, वासच नाही. ओळखीच्या घरावरची पाटी कोणी काढून न्यावी आणि मागे फक्त खिळ्यांची चार भोकं राहावीत, तसं. मग ती घरभर नाक लावत फिरली. अंगाचा साबण, बुटांचं पॉलिश, लिंबाची फोड. शेवटी एक कांदा उभा चिरला. वास आला नाही, डोळ्यांना मात्र घळाघळा पाणी आलं. म्हणजे रडायची सोय शिल्लक होती, कारणच गेलं होतं. याचं तिला इतकं हसू आलं की दारातून तिचे हलणारे खांदे पाहून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

कामावर ती पायी जायची, वीस मिनिटं. हा रस्ता तिला पायांपेक्षा नाकाने जास्त पाठ होता. बेकरी, मग कपडे रंगवणाऱ्याचं दुकान, मग ते उघडं गटार जिथे सगळे रुमाल काढतात, मग लाकडाची वखार. त्या दिवशी सगळा रस्ता तोंडात पाणी धरून बसल्यासारखा गप्प होता. गटारावरून ती आरामात, हात हलवत गेली. समोरून नाक दाबून येणाऱ्या बाईने तिच्याकडे आदराने पाहिलं. बेकरीची पाटी हिरवी आहे हे तिला अठरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. एरवी बेकरी आली हे कळायला तिला मान वर करावीच लागली नव्हती. होईल दोन-चार दिवसांत ठीक, तिने स्वतःला सांगितलं. आणि वर्कशॉपचं फाटक दिसलं तेव्हा तिची चाल आपोआप मंदावली.

कारण बाकी कुणाचं नाक गेलं असतं तर ती त्याची खाजगी बाब होती. तिचं तसं नव्हतं. शहराच्या बसगाड्या जिथे दुरुस्तीला येतात त्या वर्कशॉपच्या गॅस विभागात ती अठरा वर्षं होती, आणि सगळे तिला नाकवाली ताई म्हणत. गाड्या सगळ्या दाबाने भरलेल्या गॅसवर चालणाऱ्या. प्रत्येकीच्या छतावर सहा लांब सिलिंडर शेजारी शेजारी निजवलेले आणि त्यांच्यात बसच्या टायरमध्ये असतो त्याच्या पंचवीसपट दाब. नव्या माणसांना शिकवताना ती सांगायची, "हा गॅस म्हणजे सज्जन माणूस आहे. कोंडलं म्हणून चिडत नाही, पण फट दिसली की निघून जातो. जाताना निदान सांगून जावा म्हणून त्याला वास लावलाय." हे तिचं आवडतं वाक्य होतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो कुजकट वास लोकांना कळावं म्हणून मुद्दाम मिसळतात, हे ऐकून नवी माणसं माना डोलवत. आणि तो वास ताईला इतरांपेक्षा पाच मिनिटं आधी येतो, हे त्यांना दुपारपर्यंत कुणीतरी सांगितलेलं असायचं.

सुरुवातीला ती आली तेव्हा लोक तिला पाना धरता येतो का हे बघायला यायचे. कुणी वाईट नव्हतं, पण बाईमाणूस गाडीखाली शिरलं की चार जण उगाच वाकून "काही मदत?" विचारायचे, आणि त्या विचारण्याने तिचे हात जड व्हायचे. मग एका दुपारी शेडमधून जाताना ती मध्येच थांबली होती. पलीकडे वेल्डर चेहऱ्यावर जाळी ओढून ठिणगी पाडायच्या बेतात होता. "थांबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली होती की त्याच्या हातातली नळी पडली. "गॅस आहे इथे." कुणालाच वास येत नव्हता. शेजारच्या बसखाली वाकून तिने जोडावर साबणाचं पाणी सोडलं आणि त्यावर द्राक्षाएवढे बुडबुडे फुगले. त्या संध्याकाळी वेल्डरने तिला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं आणि नंतर कधीही कुणी "काही मदत?" विचारलं नाही. पाहुणे आले की फोरमन त्यांना तिच्यापुढे उभं करायचा. "ही आमची ताई. हिच्यापुढे यंत्र पाणी भरतं." यंत्र म्हणजे गॅस शोधणारं हातातलं यंत्र, पिवळ्या पेटीतलं. वासाची तक्रार आली की गाडी उघड्यावर न्यायची, इंजिन आणि मेन स्विच बंद करायचा, यंत्र फिरवायचं, जिथे ते वाजेल तिथे साबणपाणी सोडायचं; हा नियम तिनेच आग्रह करून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. पण ताईने आधी नुसतं वाकून, श्वास घेऊन "काही नाही" म्हटलं, की पेटी उघडायला कुणी उठत नसे. नियम भिंतीवर होता आणि ताई दारात.

पहिल्या दिवशी तिने गंमत म्हणून सांगून टाकलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचा हिशोब. ती पाहत होती की न बोललेली गोष्ट उभ्या गाडीच्या टायरखाली धूळ जमते तशी आपोआप वाढते, त्यासाठी काही करावं लागत नाही. ज्या जोडांना ती पाना लावायची तिथे साबणपाणी होतंच, ते तिने कधी चुकवलं नव्हतं. पण सकाळच्या फेरीत, रांगेतल्या गाड्यांशेजारून चालत जाताना जे नुसत्या नाकाने व्हायचं, ते ती आता चेहऱ्यांवरून करू लागली. लंबू फिटरने नाक मुरडलं का? झाडूवाल्या बाईने पदर तोंडाशी नेला का? ती स्वतः वाकायची, डोळे बारीक करायची, पूर्वीसारखीच किंचित थांबायची. थांबण्यात तर ती इतकी तरबेज झाली की एकदा लंबू म्हणाला, "ताई, आजकाल तुम्ही फार खोलात जाता." तिला हसूही आलं आणि पाठीवरून घामाची एक ओळ सदऱ्यात उतरली. शेडमध्ये उभं राहिलं की वाटायचं, आपण एका मोठ्या तोंडासमोर उभे आहोत, ते काहीतरी बोलतंय, ओठ हलताहेत आणि आवाज येत नाहीये.

आणि हे आईचंच झालं होतं की! आईचे कान जाऊ लागले तेव्हा दोन वर्षं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. पाहुणे बोलायचे आणि आई मान हलवायची. ते हसले की हसायची, त्यांचा चेहरा पडला की "अरेरे" म्हणायची. एकदा शेजारच्या काकूंनी मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं आणि नेमकं तेव्हाच त्यांना ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. आई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "देवाची मर्जी. आपण धीर सोडायचा नाही." त्या दिवशी सगळं उघडं पडलं. ती आईवर किती रागावली होती तेव्हा! "सांगायला काय झालं होतं तुला? जीभ तर शाबूत आहे ना?" आता नाकपुड्या फुलवून रांगेतून चालताना तिला आपला तो आवाज ऐकू यायचा, आणि तिला आईची माफी मागावीशी वाटायची, पण माफी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण सांगायची वेळ आईनेच आणली. नवव्या दिवशी सकाळी ती बुटाच्या नाड्या बांधत असताना आई घडी घातलेला रुमाल घेऊन समोर येऊन बसली. "बघ गं, अत्तर लावलंय. कुठलं ते ओळख." तिने रुमाल नाकाशी धरला, डोळे बारीक केले, थांबली. "गुलाब," ती ओठ नीट हलवून म्हणाली. आई तिच्याकडे पाहत राहिली.

"फिनेल आहे," आई म्हणाली. आणि पहिल्यांदाच इतक्या हळू बोलली की शेजारी ऐकू गेलं नसतं.

मग तिला काय झालं कोण जाणे, ती हसायलाच लागली. आईही हसली, पोट धरून, आवाजाचा अंदाज नसलेल्या माणसाचं ते मोकाट हसू. "दूध करपलं त्या दिवशीच कळलं मला," आई डोळे पुसत म्हणाली. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. कामावर सांगितलंस?" तिने मान हलवली. नाही. आईचं हसू थांबलं. "मी दोन वर्षं मान हलवली. त्याने कुणाचं काय बिघडलं? फार तर काकू महिनाभर बोलली नाही. तुझं तसं नाही बाई. तुझ्या मान हलवण्यावर गाड्या सुटतात. आज सांग. आत गेल्या गेल्या सांग." तिने आईच्या पायाला हात लावला. खरं तर तिथे बुटाचा ब्रश पडला होता, तो घ्यायला वाकली होती. पण आईने डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिने तो तसाच राहू दिला.

ती सांगायच्याच तयारीने गेली होती. हे तिने नंतर फोरमनला दोनदा सांगितलं, आणि ते खरं होतं. वाक्यही तयार होतं: साहेब, माझं नाक बंद पडलंय, मला फेरीवरून काढा. पण फोरमन फोनवर होता, तीन गाड्या उशिरा निघत होत्या, आणि अंगणात एक बस चालू इंजिनावर उभी होती. तिच्या खिडकीतून ड्रायव्हर अर्धा बाहेर वाकला होता. हा ड्रायव्हर म्हणजे शंकासुर. त्याला खरोखरच सगळे तसंच म्हणत. ब्रेक घट्ट लागले तर विचारायचा फार घट्ट आहेत का, सैल लागले तर फार सैल आहेत का. आरशात पाहिलं तरी मागून आपलाच चेहरा येतोय का याची खात्री करून घेईल, असा माणूस. "ताई," तो म्हणाला, "वास येतोय हो. मघाशी थांबलो होतो तेव्हा आला. आता नाही येत. की येतोय?" दोन-तीन जण हसले. लंबू म्हणाला, "आता ताई आल्यात, त्यांनाच विचारा." सगळे तिच्याकडे वळले. आणि अठरा वर्षांची सवय तिच्या आधी पुढे झाली. ती बसच्या बाजूला गेली, वाकली, डोळे बारीक केले, थांबली. आत काही नव्हतं. गार हवा आली, गार हवा गेली. तिने हात वर केला. "काही नाही. जाऊ द्या."

बस गेली. फाटकातून वळताना तिचा मागचा दिवा लुकलुकला. ती तिथेच उभी राहिली आणि तिला जाणवलं की आपला हात अजून वर आहे. तो खाली घेतला तेव्हा तो आपला नाही असं वाटलं, कुणाचा तरी उसना, काम झालं की परत द्यायचा. आईचं हळू बोललेलं "फिनेल आहे" कानात आलं. मग एक विचार आला, साधा, जवळजवळ व्यवहारी: तो म्हणाला, थांबलो होतो तेव्हा वास आला. बस थांबली की छताची हवेची झडप उघडी असते. वारा नसला की छतावरच्या झाकणाखाली साचलेली हवा तिथून थोडी आत शिरते. म्हणजे वर. म्हणजे छतावर. शंकासुराने आयुष्यात एकदाच नेमकी गोष्ट सांगितली होती आणि ती त्याच्यावर हसणाऱ्यांत उभी होती. ती धावली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जड बूट घालून, कंट्रोल रूमच्या पायऱ्या दोन-दोन करून ती चढली आणि दारात धाप लागून उभी राहिली. फोरमन तिथेच होता.

"सात नंबरची गाडी थांबवा," ती म्हणाली. "मी तपासली नाही. मला वास येत नाही, साहेब. आजचं नाही, नऊ दिवस झाले. शंकासुर खरं बोलत होता की नाही मला माहीतच नाही."

फोरमनने फोन खाली ठेवला. तो निवृत्तीला आलेला, सावकाश माणूस होता. त्याला राग यायलाही वेळ लागायचा. त्याने आधी माईक उचलला, मग सात नंबरला हाक दिली आणि मग माईक तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

"दादा, ताई बोलतेय," ती म्हणाली. शंकासुराला तिने दादा म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. "घाबरू नका. पुलाखाली नको, भिंतीच्या आडोशाला नको, उघडी जागा बघून गाडी उभी करा. इंजिन बंद, मेन स्विच बंद, तुमच्या सीटजवळचा गॅसचा कॉक बंद. माणसं शांतपणे खाली उतरवा, वारा येतो त्या बाजूला पन्नास पावलं लांब न्या. कुणी काडी ओढायची नाही, गाडीजवळ फोन नाही. आणि तुम्ही बरोबर होता."

रेडिओ क्षणभर खरखरला. "बरोबर होतो का?" शंकासुर म्हणाला.

ती आणि लंबू मदतीच्या गाडीतून निघाले तेव्हा पिवळी पेटी तिच्या मांडीवर होती. पेटीची चावी शोधायला चार मिनिटं लागली होती. लंबू गाडी चालवत होता, गुडघे स्टिअरिंगला लागत होते, आणि तिला वाटत होतं की आता हा काहीतरी विचारेल, विचारावं. आपल्याला चार थोबाडीत बसल्या तर बरं होईल असं लहानपणी वाटायचं तसं वाटत होतं. मार खाल्ला की जेवायला बोलावतात. लंबू एवढंच म्हणाला, "ताई, मग परवा मी लसूण खाऊन आलो होतो ते तुम्हाला कळलंच नाही. मी उगाच दिवसभर लांब उभा राहिलो." तिने त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. तिला एकदम त्याचा फार आधार वाटला.

सात नंबर एका खेळाच्या मैदानाच्या कडेला उभी होती, चारी बाजूंनी उघडी, जणू फोटो काढायला. तीसेक माणसं दूर गवतावर उभी होती. शंकासुर त्यांच्यापुढे हात पसरून उभा, आणि कुणी पुढे पाऊल टाकलं की "मागे, मागे" करत होता. इतका ठाम माणूस तिने त्याच्यात कधी पाहिला नव्हता. "सगळं केलं," तो म्हणाला. "एकाला फोन ठेवायला सांगितला तर म्हणाला तू कोण? मी म्हटलं, मी ड्रायव्हर." दुसरी बस येऊन माणसं घेऊन गेली. तिने मदतीच्या गाडीची शिडी बसच्या मागच्या टोकाला लावली, कमरेचा पट्टा अडकवला आणि वर चढली. छतावरचं झाकण उचललं आणि यंत्र पुढे धरलं. पहिल्या सिलिंडरवर गप्प, दुसऱ्यावर गप्प. चौथ्याच्या तोंडाशी ते चिवचिवलं आणि मग थांबेचना. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या आवाजाचं प्रेम वाटलं. साबणपाण्याची बाटली दाबली; जोडाच्या कडेला एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. खालून लंबू म्हणाला, "पाना देऊ? आवळून टाका अर्धा आटा."

"गळतीवर पाना लावत नाहीत," ती म्हणाली. "दाबाखालचा जोड आवळला तर निसटून तोंडावर यायचा. आधी याचं तोंड बंद." तिने सहाही सिलिंडरांचे कॉक एकेक करून फिरवले, बोटांनी मोजत. नळीत उरलेला गॅस त्याच फटीतून निघून चालला होता, मोकळ्या आभाळात, कुणाचं काही न बिघडवता. ती छतावर बसून राहिली आणि दाबाच्या काट्याकडे पाहत राहिली. काटा हळूहळू उतरत होता. मैदानात कुणीतरी चेंडू मारत होतं. हा काटा शून्यावर येईपर्यंत आपल्याला काहीही करायचं नाही, हे कळल्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. श्वास आला, गेला. त्यात काही नव्हतं, आणि त्यात काही असलंच पाहिजे असंही आता नव्हतं.

बस ओढून आणली, जोड बदलला, पुन्हा दाब देऊन तपासला. दुपारी फोरमनने तिला बोलावलं. आता त्याला राग आला होता. "मेमो मिळेल," तो म्हणाला. "लेखी. तुम्ही अठरा वर्षं काय केलंत ते त्यात लिहायला जागा नसते." ती म्हणाली, नसू दे. "नऊ दिवसांत नुसत्या वासावर सोडलेल्या गाड्या किती?" तिने नोंदवहीशिवायच सांगितल्या, त्या तिला ओळखीच्या माणसांच्या नावांसारख्या पाठ होत्या. अठ्ठावीस. "सगळ्या परत," फोरमन म्हणाला. "यंत्राने. छतापर्यंत. आणि यात मीही आहे. पाहुण्यांना तुमचं नाक दाखवत फिरलो मी. चावी तर माझ्याच खिशात होती." त्याने मेमोचा कागद पुढे ओढला. "डॉक्टरला दाखवलंत?" दुसऱ्या दिवशी तिने दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सर्दीनंतर असं होतं. महिन्यात परत येईल, सहा महिन्यांत येईल, कदाचित येणारही नाही. "तोवर शिळं खाऊ नका," ते म्हणाले.

तीन दिवस ती आणि लंबू छतांवर होते. खालून जाणारे येणारे हाक मारायचे, कितवी? आणि लंबू वरून आकडा सांगायचा. बातमी सगळ्यांना कळली होती, आणि तिला जी भीती वाटत होती तसं काहीच घडलं नाही. किंवा घडलं, पण उलटं. वेल्डर येऊन म्हणाला की त्याला डाव्या डोळ्याने पिवळा आणि पांढरा सारखाच दिसतो, दोन वर्षं झाली. भांडारातल्या म्हाताऱ्याने सांगितलं की बोटं सुन्न झाल्यामुळे तो वायसर आता मोजत नाही, अंदाजाने देतो. प्रत्येकजण खाली शिडीशी येऊन काहीतरी सांगून जायचा. फोरमनने तिला म्हटलं, "तुमच्या नाकापायी अख्ख्या वर्कशॉपची तपासणी चाललीय." शंकासुर तर रोज यायचा, आपल्या गाडीची नव्हे, इतरांच्या गाड्यांची चौकशी करायला. त्याच्यावर आता कुणी हसत नव्हतं, त्यामुळे त्याला स्वतःच शंका येऊ लागली होती की काहीतरी चुकतंय.

पहिल्या बावीस गाड्या चोख निघाल्या. तेविसावी सकाळच्या उन्हात उभी होती. तिने झाकण उचललं आणि यंत्र लावण्याआधीच तिला जोडाभोवती काहीतरी दिसलं: काळपट, तेलकट धुळीचं कडं, अंगठीसारखं जाड. गॅसबरोबर तेलाचा अगदी बारीक अंश येतो. गळती मंद असली की तो जोडाबाहेर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. यंत्र चिवचिवलं. साबणपाण्यात एक इवलासा बुडबुडा, मोहरीएवढा, पाच-पाच सेकंदांनी. तिने बोटाने कडं खरवडलं आणि तिचा हात थांबला. धुळीच्या वर निळ्या रंगाचे बारीक थेंब होते. हा रंग गाडीला मागच्या वर्षी दिला होता, फवाऱ्याने. थेंब धुळीच्या खाली नव्हते. वर होते. म्हणजे रंग दिला तेव्हा हे कडं आधीच इथे होतं. म्हणजे ही गळती वर्षापेक्षा जुनी. आणि त्या सबंध वर्षात, त्याच्या आधीही, दर आठवड्याला नाकवाली ताई, शाबूत, कीर्तिमान नाक घेऊन या गाडीशेजारून चालत गेली होती, वाकली होती, थांबली होती आणि हात वर केला होता. गॅस हवेपेक्षा हलका, तो निघायचा तो सरळ वर जायचा. आणि ती खाली उभी राहून त्याचा वास घेत होती. वेल्डरच्या वेळचा जोड गाडीखाली होता म्हणून त्याचा वास नाकापर्यंत आला, एवढंच. किती गाड्या अशा वरच्या वर निसटून गेल्या असतील, या विचाराने तिला एकदा थंडी भरली. आणि मग तिच्या छातीत काहीतरी सुटलं, मोठं, खूप वर्षं आवळून ठेवलेलं. ती हसू लागली. पट्टा अडकवलेला होता म्हणून बरं. ती छतावर बसून, दोन्ही हात पोटाशी धरून हसत राहिली.

"ताई? काय झालं?" लंबू शिडीवरून अर्धा वर आला. "काय सापडलं?"

"ही गळती माझं नाक ऐन भरात होतं तेव्हाची आहे!" ती म्हणाली. तिला धड बोलता येत नव्हतं. "वर्षाहून जुनी. हा रंग बघ. अरे, मला कधीच येत नव्हता याचा वास!"

लंबूने रंग पाहिला, कडं पाहिलं, आणि मग हळूहळू त्याच्या लांब चेहऱ्यावर ते पसरत गेलं. खाली फोरमन, वेल्डर, शंकासुर आणि भांडारातला म्हातारा माना वर करून उभे होते, हात डोळ्यांवर धरून. तिने सहाही कॉक बंद केले, एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग छताच्या कडेशी येऊन वाकली.

"या, सगळ्यांनी बघून जा," ती ओरडली. "एकेक करून या. कमरेला पट्टा लावा. आणि फोन खाली ठेवून!"